नकाशाच्या कोपऱ्यातल्या चार चौकटी

तेहतीस वर्षं मी सह्याद्रीचे डोंगर आखले आणि त्यातला एकही चढले नाही. नोकरीच तशी होती. पाण्याच्या एका सरकारी खात्यात, पुण्यातल्या कचेरीत, मी ट्रेसर होते. साहेब लोक साईटवर जाऊन धरणं, कालवे, टेकड्या मोजायचे आणि पेन्सिलीत काढून आणायचे. त्यावर पारदर्शक कापड ताणून बसवायचं आणि शाईनं सगळं जसंच्या तसं उतरवायचं, एवढंच माझं काम. 'जसंच्या तसं' महत्त्वाचं. कालव्याचं वळण विचित्र वाटलं, टेकडीचा उतार अंगावर आला, तरी ट्रेसरनं स्वतःचं डोकं घालायचं नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं होतं. मी सांगितलेलं ऐकणारी होते. फार ऐकणारी.

नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली चार चौकटी असत: मोजले, आखले, तपासले, मंजूर. प्रत्येकीत एकेकाची सही. माझी सही कायम दुसऱ्या चौकटीत. तिसरीत जायचं तर साईट पाहिलेली असावी लागे, आणि बायकांना साईटवर नेत नसत. एकदा धीर करून मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, साईटवर असतं काय? दगड. तो तुम्हाला इथंच आणून देतो." पुढच्या आठवड्यात खरोखर त्यांनी एक काळा दगड आणून माझ्या टेबलावर ठेवला. सगळा विभाग हसला. मीही हसले, कारण न हसून चालण्यासारखं नव्हतं. पण घरी येऊन मी त्या दिवशी भाकरी इतक्या जोरात थापल्या की आमचे हे स्वयंपाकघरात डोकावून गेले.

त्या दगडाचा मी कागद दाबायला उपयोग केला. निवृत्तीच्या दिवशी पर्समध्ये घालून तो घरी आणला. "लोक घड्याळ आणतात," हे म्हणाले. हे खडकीच्या कारखान्यात होते, माझ्या आधी पाच वर्षं निवृत्त झाले आणि तेव्हापासून शब्दकोडी आणि माझी उलटतपासणी एवढंच करतात.

कचेरीबद्दल तक्रारच आहे असं मात्र नाही. ते ट्रेसिंगचं कापड मला फार आवडायचं. बिघडलेला तुकडा घरी आणून उकळला की त्याची खळ निघून जायची आणि खाली तलम मलमल उरायची. माझ्या मुलीची झबली मी त्याच कापडाची शिवली. एका झबल्याच्या पाठीवर कालव्याची काळी रेघ काही केल्या गेली नाही. ते झबलं मी अजून ठेवलंय.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी आमच्या विहारातली एक मुलगी लॅपटॉप घेऊन घरी आली. मुलगी म्हणजे बत्तीस वर्षांची, खराडीला सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या पदावर. आम्ही विश्रांतवाडीचे. आमच्या दोघांच्या घरांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, त्यामुळे आमचा विहाराशी संबंध जुना. ही मुलगी विहारातल्या लोकांना घेऊन महिन्यातून एका रविवारी कुठल्या तरी लेण्यावर जायची. प्रसिद्ध लेण्यांवर नव्हे. जिथं तिकीट नाही, पाटी नाही, वटवाघळं आहेत, अशा लेण्यांवर. जायचं, झाडायचं, मापं घ्यायची, बरोबरच्यांना दाखवायचं.

"काकू, तुम्ही नकाशे काढायचा ना?" ती म्हणाली. "आता ऑनलाइन काढता येतात. सिम्पल आहे. फक्त ड्रॅग करायचं."

तिनं एक वेबसाइट उघडली आणि मी खुर्ची पुढे ओढली ती संध्याकाळपर्यंत उठले नाही. सगळा मुलूख पडद्यावर होता. एक बटण दाबलं की झाडी दिसायची, दुसरं दाबलं की उपग्रहातून काढलेलं चित्र, आणि तिसरं दाबलं की काँटूर. काँटूर म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा: दाट असल्या की कडा, विरळ असल्या की सपाटी. तेहतीस वर्षं मी त्या रेघा शाईनं ओढल्या होत्या, एक थेंब सांडला की अख्खं कापड वाया, आणि इथं त्या बोटाखाली आपोआप उमटत होत्या. वर आपल्याला हवी ती वाट आखायची, हवी ती नावं लिहायची, कागदाचा आकार आणि प्रमाण ठरवायचं आणि नकाशा उतरवून घ्यायचा. चुकलं तर पुसायचं. ब्लेडनं खरवडायचं नाही, साहेबांपुढं उभं राहायचं नाही. मला अक्षरशः रडू आलं.

"काय झालं?" यांनी विचारलं.

"काही नाही. पुसता येतंय."

चिन्हांची एक मोठी पेटी होती. तीत तंबू होता, मासा होता, बर्फावरून घसरणारा माणूस होता, चक्क अस्वल होतं. लेण्याचं चिन्ह नव्हतं. मी पिंपळपानाच्या आकाराची एक कमान काढून ते चिन्ह स्वतः बनवलं. पाण्याच्या टाक्याला एक चौकोन आणि त्यात एक लाट. आणि उजव्या कोपऱ्यात खाली, कुणी सांगितलं नसताना, सवयीनं चार चौकटी काढल्या. दुसरीत माझी सही घातली आणि बाकीच्या तीन रिकाम्या सोडल्या.

त्या हिवाळ्यात मी पाच नकाशे केले. दुपारी जेवणं झाली की डायनिंग टेबल माझं. मुलगी लेण्याचं ठिकाण कळवायची, मी नकाशा पाठवायची, लोक जाऊन यायचे आणि माझं कौतुक व्हायचं. मी स्वतः एकदाही गेले नाही. गुडघा दुखतो असं सांगायची. गुडघा थोडासा दुखतही होता. पण खरं सांगायचं तर नकाशा करून आपण घरी बसायचं, ही गोष्ट माझ्या अंगात इतकी मुरली होती की आपण जाऊ शकतो हे मला सुचलंच नाही.

सहावा नकाशा मावळातल्या एका लेण्याचा होता. आणि तो हवा होता सरांना.

सर म्हणजे आमच्या विहारातले सगळ्यात ज्येष्ठ, शहात्तर वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक. राहायला मुलाकडे हडपसरला, पण दर रविवारी दोन बस बदलून विश्रांतवाडीच्या विहारात येणार म्हणजे येणार. त्यांची पहिली नेमणूक मावळातल्या एका खेड्यात झाली होती. गावात खोली मिळाली नाही, का ते आमच्यात कुणी विचारत नाही, म्हणून दीड वर्षं ते शाळेतच राहिले. शाळेच्या ओसरीवरून समोरच्या डोंगरात लेण्याच्या कमानी दिसायच्या. रोज सकाळी तोंड धुताना दिसायच्या. त्यांनी गावात तीन जणांना विचारलं, तिकडं कसं जायचं? तिघांनी एकच सांगितलं, वाट नाही. मग बदली झाली, संसार झाला आणि पन्नास वर्षं गेली. "एकदा तिथं जाऊन वंदना घ्यायची आहे," ते म्हणायचे. दुसरं काही मागणारे ते नव्हेत.

वेबसाइटवर त्या लेण्यापर्यंत एक ठिपक्याठिपक्यांची वाट आधीच दाखवलेली होती. त्या वेबसाइटवर कुणीही वाट घालू शकतं; ही कुणीतरी, कुठूनतरी, कधीतरी घातलेली. रस्त्याच्या वळणापासून निघून ओढ्यानं सरळ वर, थेट कमानींपर्यंत. मी काँटूर चालू केले आणि माझा हात थांबला. ती वाट शेवटी शेवटी नखाएवढ्या जागेत सात रेघा ओलांडत होती. तेहतीस वर्षं रेघा ओढलेल्या बाईला एवढं कळतं. तिथं वाट असणं शक्य नव्हतं, तिथं कडा होता.

तरी मी ती वाट गिरवली. जशीच्या तशी. समोर दिलेलं होतं, मी उतरवलं, दुसऱ्या चौकटीत सही केली आणि पाठवून दिलं.

रविवारी दुपारी दोन वाजता विहारातल्या मुलीचा फोन आला. ओढा मोठमोठ्या दगडांनी भरलेला, वर जाऊन कड्याखाली संपलेला. चार तास सगळे उन्हात वाट शोधत होते. सरांना चक्कर आली. चार तरुण पोरांनी चादरीची झोळी करून त्यांना खाली आणलं. आता बरे आहेत, सलाईन लावलंय, काळजी करू नका.

पुढच्या रविवारी विहारात सर आले नाहीत. फक्त निरोप आला: "खालून कमानी दिसल्या. पुष्कळ झालं. आता माझ्यासाठी कुणी त्रास घेऊ नये." त्यात माझ्याविरुद्ध एक अक्षर नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तीन दिवस मी लॅपटॉप उघडला नाही. चौथ्या दिवशी हे म्हणाले, "टेबल मोकळं दिसतंय. जेवायचं का त्याच्यावर?" मी यांना सगळं सांगितलं, रेघांचंसुद्धा. त्यांनी शब्दकोडं मिटलं. मग म्हणाले, "मला कशाला सांगतेस? ज्यांना चक्कर आली त्यांना सांग."

मी बस धरून हडपसरला गेले. सर पलंगावर उशीला टेकून पेपर वाचत होते. मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं, नाहीतर धीर सुटला असता. "सर, ती वाट चुकीची आहे हे मला दिसत होतं. दिसत असून मी आखली."

त्यांनी चष्मा काढला. "उत्तर माहीत होतं, तरी चुकीचं लिहिलंत?"

"समोर तसं लिहिलेलं होतं, सर."

"म्हणजे कॉपी केलीत."

एकसष्टाव्या वर्षी माझे कान गरम झाले. तेहतीस वर्षांच्या नोकरीचं एवढं नेमकं वर्णन मला कुणी करून दिलं नव्हतं.

"कॉपी करणाऱ्याला मी वर्गाबाहेर काढत नसे, ताई," सर म्हणाले. "त्याला पुन्हा पेपर सोडवायला लावत असे. एकट्याला बसवून. तुम्ही सोडवा. तपासायला मी येतो."

"म्हणजे तुम्ही परत याल?"

"पेपर लिहून झाला की कळवा," असं म्हणून त्यांनी चष्मा लावला आणि पेपर पुढे वाचायला घेतला.

परत येताना बसमध्ये मला बसायला जागा मिळाली नाही आणि त्याचं काही वाटलं नाही. आता एकच काम होतं: सरांना त्या लेण्यात नेऊन बसवायचं. मी घरी आले, तो साहेबांचा दगड कागदांवर ठेवला आणि सुरुवात केली.

पहिल्यांदा ती ठिपक्यांची वाट पुसली. मग फक्त काँटूर ठेवून बाकी सगळं बंद केलं आणि विचार करू लागले. कचेरीत याची मनाई होती. एके काळी त्या लेण्यात राहणारे भिक्खू रोज सकाळी भिक्षेला गावात उतरत असणार आणि दुपारच्या आत जेवून परत वर जात असणार. म्हातारेही असतील त्यांच्यात. ते काय ओढ्यातून दगडांवर उड्या मारत जात होते? ज्यांनी एवढं लेणं कोरलं त्यांना नीट वाट करता आली नसेल? वाट असणार, आणि ती सोपी असणार.

दोन दुपारी मी त्या रेघा वाचल्या. आणि सापडली. डोंगराच्या निम्म्या उंचीवर दोन रेघांच्या मध्ये बोटभर मोकळी जागा होती, साडीच्या काठासारखी डोंगराला लपेटून गेलेली. गावाच्या मागच्या सोंडेवरून हळूहळू चढायचं, त्या सपाटीवर यायचं आणि आडवं चालत कमानींच्या पायाशी जायचं. लांब पडत होतं, पण दम लागेल असा चढ कुठंच नव्हता. पडद्यावर मी ती रेघ ओढली. कुणी मोजून आणून न दिलेली, माझ्या डोक्यातली, आयुष्यातली पहिली.

विहारातल्या त्या मुलीला फोन केला. "वाट काढलीय. पण या वेळी आधी मी जाऊन बघणार."

"काकू, तुमचा गुडघा?"

"गुडघाही बघून येईल."

आम्ही दोघी शनिवारी गेलो. यांनी माझ्यासाठी बूट आणून ठेवले होते, पुरुषी, एक माप मोठे. "दोन मोजे घाल," एवढंच म्हणाले. गावाच्या टोकाला पन्नाशीची एक बाई शेळ्या घेऊन निघाली होती. मुलीनं तिला मोबाइलवर जुना नकाशा दाखवला आणि ओढ्याकडे बोट केलं.

बाईनं आधी नकाशाकडे बघितलं, मग आमच्याकडे. "ही वाट कुनी काढली? हितनं वानरं जात्यात."

माझी नवी वाट मुद्दाम दाखवली नाही. माझं उत्तर तिच्या तोंडात घालायचं नव्हतं. फक्त विचारलं, "तुम्ही शेळ्या कुठून नेता, ताई?"

तिनं हनुवटीनं दाखवलं. गावाच्या मागची सोंड. माझीच सोंड.

त्या दिवशी मी डोंगर चढले, आणि असा चढले की मुलगी मागे राहिली. आता हे सांगताना मला कसलीही लाज वाटत नाही. शेळ्या पुढे, ती बाई मागे, तिच्यामागे मी. हातात मोबाइल, दर शंभर पावलांना एक खूण नोंदवत होते. सपाटी सुरू व्हायला हवी असं मी मुलीला सांगितलं आणि वळण घेतलं तर सपाटी होती. बैलगाडी जाईल एवढी रुंद. मला ओरडावंसं वाटलं आणि मी ओरडलेही. शेळ्या दचकल्या.

"काय झालं, बाई?" तिनं विचारलं.

"काही नाही. मला वाटलं होतं इथं असेल, आणि आहे."

"आसनारच की. कुटं जातीय ती?"

पुढे कारवीच्या झुडपांत माती पायानं सरकवली तर खाली खडकात कोरलेल्या पायऱ्या निघाल्या. पाच. मधोमध झिजलेल्या. मी खाली बसले आणि तळहात एका पायरीवर ठेवला. माझ्या रेघेवरून माझ्या आधी माणसं चालून गेली होती, आणि किती चालली होती ते त्या पायरीवर दिसत होतं. मुलगी फोटो काढत होती. मी नुसती बसून होते, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते मी पुसलं नाही.

त्यानंतर मी आणखी एकदा गेले. बसायच्या जागा ठरवल्या, सावली कुठं किती वाजेपर्यंत असते ते लिहून घेतलं, पाण्याची टाकी मोजली. वाटेत नऊ खुणा धरल्या आणि नकाशावर एक ते नऊ आकडे घातले. एका सेंटिमीटरला पन्नास मीटर असं प्रमाण धरलं, म्हणजे मोठ्या कागदावर सरांना चष्म्याशिवायही दिसेल.

छापायला आमच्या चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. त्यानं छापून दिलं, मी पर्समधून माझी जुनी मोजपट्टी काढून तिथंच मोजलं. दहा सेंटिमीटरला तीन मिलिमीटर कमी.

"हे लहान झालंय," मी म्हटलं.

"लहान नाही झालं, काकू. पानात बसवलंय. लग्नपत्रिका असो, नकाशा असो, आम्ही बसवूनच देतो."

"बसवू नका. आहे तसं छापा."

"तीन मिलिमीटरनं डोंगर हलणार आहे का?"

"डोंगर नाही हलणार. वाट हलते. मागच्या वेळी मी थोडंसंच चुकले होते, तर एक शहात्तर वर्षांचा माणूस झोळीतून खाली आला."

त्यानं माझ्याकडे बघितलं, यंत्राचं काहीतरी बदललं आणि पुन्हा छापलं. मी पुन्हा मोजलं. दहाला दहा. "आपण इथं रोज येणार का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, हो.

कोपऱ्यात चार चौकटी होत्याच. 'मोजले' मध्ये मी सही केली. माझी सही त्या चौकटीत कशी दिसते ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. 'आखले' मध्ये दुसरी सही. तिसरी आणि चौथी मोकळी ठेवली. ज्यानं आखलं त्यानं तपासायचं नाही, हा कचेरीतला नियम मला पहिल्यापासून पटत आला आहे.

थंडी सरत आलेल्या एका रविवारी सकाळी सहाला विहारापासून बस निघाली. अकरा ज्येष्ठ, बाकी तरुण आणि पोरंबाळं. सर पांढऱ्या कपड्यांत, पायात कॅनव्हासचे बूट, खिशाला लाल पेन. त्यांच्या मुलानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "काकू, जरा जरी दम लागला तरी परत फिरवा." मी मान डोलावली. हेही आले होते. "शब्दकोडं संपलं," असं कारण दिलं.

ती शेळ्यावाली बाई गावाच्या टोकाला उभी होती. सरांनी नकाशा माझ्या हातातून घेतला. "पुढे मी," ते म्हणाले. "कुणी सांगायचं नाही. पेपर मी तपासतोय."

म्हणून आम्ही पस्तीस माणसं त्यांच्या मागून चाललो. प्रत्येक खुणेशी ते थांबायचे, इकडे तिकडे बघायचे, नकाशात बघायचे आणि लाल पेननं बरोबरची खूण करायचे. एक. दोन. तीनला सावली होती, आणि नकाशात लिहिल्याप्रमाणे बसायला दगड होता. ते बसले, पाणी प्यायले, मी त्यांच्या छातीकडे बघत होते. श्वास संथ चालला होता. चार. पाचव्या खुणेला सपाटी लागली आणि म्हाताऱ्यांच्या गप्पा सुरू झाल्या, तेव्हा मी पहिल्यांदा सरांवरची नजर काढली. ज्या चढावर गप्पा मारता येतात तो चढ बरोबर आहे.

सातव्या खुणेशी सर थांबले ते पुढे जाईनात. मी धावत पुढे गेले.

"इथं पाण्याची दोन टाकी दाखवली आहेत," ते म्हणाले.

"हो सर. ही दोन."

त्यांनी काठीनं करवंदीची जाळी बाजूला केली. मागे, खडकात, अरुंद तोंडाचं तिसरं टाकं होतं. काठोकाठ पाणी.

"अर्धा गुण कापला," सर म्हणाले, आणि त्यांनी नकाशावर लाल पेननं तिसरा चौकोन काढला.

कचेरीत तपासनीसानं लाल खूण केली की माझा दिवस जायचा. त्या दिवशी मी एवढ्या मोठ्यानं हसले की सगळे वळून बघू लागले. तिथंच उभ्या उभ्या मी मोबाइलवर नकाशा उघडला आणि तिसरं टाकं घातलं. आता ते सगळ्यांच्या नकाशात होतं.

सव्वादहा वाजता आम्ही कमानींच्या खाली पोचलो. सरांनी बूट काढले, आत गेले. लहानशी खोली, आत स्तूप, भिंतीला लागून दगडी बाक. ते बाकावर बसले, पाठ टेकली, डोळे मिटले. एक मिनिट गेलं असेल, मला मात्र फार लांब वाटलं. मग त्यांनी वंदना सुरू केली. वर्षानुवर्षं शाळेत वापरलेला तो आवाज, आणि त्या दगडी खोलीनं तो दुप्पट करून परत दिला. आम्ही सगळे त्यात मिसळलो. हे माझ्याशेजारी उभे होते. त्यांनी माझं मनगट धरलं, कधी नव्हे ते चारचौघांत, आणि वंदना संपेपर्यंत सोडलं नाही.

बाहेर आल्यावर ओट्यावरून खाली गाव दिसत होतं. शाळेचं पत्र्याचं छप्पर चमकत होतं. सर बराच वेळ तिकडेच बघत राहिले. मग त्यांनी नकाशा गुडघ्यावर घेतला आणि 'तपासले' च्या चौकटीत सही केली, मुख्याध्यापकाची, शेवटी ठिपका देऊन.

शेळ्यावाली बाई कडेला बसून आमचा फराळ खात होती. सर तिला म्हणाले, "मी तुमच्या त्या शाळेत मास्तर होतो. तुमच्या जन्माआधी. इथं यायची वाट तिघांना विचारली होती. तिघांनी सांगितलं, वाट नाही."

तिचा घास हातात राहिला. तिनं सरांकडे बघितलं, आमच्या सगळ्यांकडे बघितलं, मग खाली गावाकडे. तिला कळलं असावं असं मला वाटतं. ती हळूच म्हणाली, "वाट हाय की. कायमचीच हाय."

"होय," सर म्हणाले. "आज बघितली." आणि लाल पेन तिच्यापुढे धरलं. "मग हे तुम्ही लिहा. इथं, या शेवटच्या चौकटीत. नाव लिहिता येतं ना?"

"चवथीपत्तुर शिकलीया, ह्याच शाळंत." तिनं पदराला हात पुसले, पेन मुठीत घट्ट धरलं आणि 'मंजूर' च्या चौकटीत एकेक अक्षर काढून आपलं पूर्ण नाव लिहिलं. तेहतीस वर्षांत त्या चौकटीत मी मोठमोठ्या साहेबांच्या सह्या पाहिल्या, पण एकही वाचता येईल अशी नव्हती.

वाऱ्यानं नकाशा उडायला लागला. मी वाकून ओट्याजवळचा एक काळा दगड उचलला आणि त्यावर ठेवला. साईटवर दगड असतात, हे साहेब खरं बोलले होते. पण हा मी स्वतः चढून जाऊन उचलला होता.